होकायंत्राजवळचा स्पीकर

होल्गर बुन्सगोर आमच्या विमानतळावर कुणालाच आवडत नसे. त्याला त्याचं काही वाटत नाही, असं सगळे धरून चालत. ते खरं नव्हतं, पण विचारायला कुणी गेलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

तो पश्चिम किनाऱ्याकडचा. चौदाव्या वर्षी रेडिओ-टीव्हीच्या कारखान्यात लागला आणि तिथे यंत्रांचे चेहरे काढू लागला. बटण कुठे, काटा किती रुंद, आवाजाची जाळी किती उंचीवर, हे सगळं कागदावर पेन्सिलने. पुढे ऑल्बोर्गला जहाजांचे वायरलेस बनवणाऱ्या कारखान्यात गेला. मासेमारीच्या बोटींवर चढून, खाऱ्या पाण्याने गंजलेले संच उघडून, तो लहरींचं काम शिकला. एकोणचाळिसाव्या वर्षी परीक्षा देऊन विमानातल्या उपकरणांचा कारागीर झाला आणि लिमफ्योर्डच्या खाडीच्या उत्तरेला आमच्या वर्कशॉपमध्ये आला.

पहिल्याच महिन्यात त्याने फोरमन आयगिलच्या डाखाच्या कामावर भिंग धरलं आणि चौघांसमोर म्हणाला, "हे पुन्हा करावं लागेल."

आयगिल वीस वर्षं तिथे होता. त्याने ते पुन्हा केलं, पण त्या दिवसापासून, यंत्रांचे चेहरे काढायचा म्हणून, होल्गरचं नाव 'दुकानाची काच सजवणारा' पडलं. अकरा वर्षं झाली तरी दोघं एकमेकांशी बोलत नसत. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवत.

वर्कशॉपमध्ये एक रीत होती, आमच्याकडच्या बहुतेक कारखान्यांत असते तशीच. ज्याच्या हातून चूक होईल त्याने शुक्रवारी कॉफीला केक आणायचा. पसरट ताटात भाजलेला, वर खोबरं आणि तपकिरी साखरेचा थर असलेला. सगळ्यांनी खायचा, चार टोमणे मारायचे, आणि मग ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. आयगिलने आजवर सात केक आणले होते. प्रेबेन नावाचा तारा ओढणारा गडी तर म्हणायचा, "माझ्या बायकोची भट्टी माझ्यामुळेच थंड होत नाही." होल्गरने एकही आणला नव्हता.

"आमच्या देवाच्या हातून चूक होईलच कशी?" प्रेबेन म्हणायचा. होल्गर राय धान्याच्या काळ्या पावावर लिव्हरची पेस्ट लावत बसायचा.

फेब्रुवारीत लेसो बेटावर टपाल आणि माणसं नेणाऱ्या विमानात नवा वायरलेस बसवायचा होता. होल्गरने वैमानिकापुढच्या उपकरणांच्या फळीचं चित्र काढलं. स्पीकर छतात, वैमानिकाच्या डोक्यामागे. संच त्याने स्वतः बसवला, स्पीकर बसवायचं काम आयगिलने घेतलं. छतात भोक पाडायला दोन दिवस गेले असते. आयगिलने स्पीकर काचेखालच्या फळीवरच बसवला, होकायंत्रापासून जेमतेम एका वितीवर.

मंगळवारी दुपारी होल्गर संचाची चाचणी घ्यायला वैमानिकाच्या खुर्चीत बसला. स्पीकर त्याच्या नाकासमोर होता. स्पीकरच्या पाठीला केवढा लोहचुंबक असतो, हे त्याला चौदाव्या वर्षापासून माहीत होतं. त्याने होकायंत्राकडे पाहिलं. काटा स्थिर होता, पण विमान ज्या दिशेला उभं होतं ती दिशा तो दाखवत नव्हता.

खिशात चिठ्ठ्यांची वही होती. त्याने पेन्सिल काढली, आणि परत ठेवली. असं काम झालं की विमान बाहेरच्या सिमेंटच्या वर्तुळावर नेऊन, तीस-तीस अंशांनी फिरवून होकायंत्र तपासावंच लागतं. ते करणार आयगिल. करू दे. सगळ्यांसमोर काटा फिरेल, आणि मग याचा आठवा केक.

त्याने आपल्या चाचणीच्या कागदावर शिक्का मारला. प्रत्येक कारागिराचा शिक्का वेगळा, त्याचा चौदा नंबर. त्या शिक्क्याशिवाय विमानाच्या कामावर सही करता येत नाही.

बुधवारी वर्तुळावर गुडघाभर बर्फ होतं आणि वारा असा की विमान ढकलायला निघालेला माणूसच ढकलला जाईल. टपाल अडलं होतं. आयगिलने गेल्या वर्षीच्या तपासणीचे आकडे होकायंत्राच्या नव्या कार्डावर उतरवले आणि आपला शिक्का मारला.

गुरुवारी वैमानिक टोवे विमान घेऊन निघाली. ती सहा वर्षं त्या मार्गावर होती. समुद्रावर धुकं लागलं. बेट यायला हवं होतं तेव्हा खाली पाणीच होतं, आणि मग धुक्यातून करडे खडक वर आले. स्वीडनचे. मागे सात प्रवासी, त्यातली एक बाई आठव्या महिन्यातली. टोवे परतली तेव्हा टाकीत वीस मिनिटांचं इंधन होतं.

ती थेट वर्कशॉपमध्ये आली, हातमोजे न काढता. "होकायंत्राचं हे कुणी केलं?"

आयगिल होल्गरकडे न बघता म्हणाला, "फळीचं चित्र ज्याने काढलं त्याने. मी तसं लिहून दिलंय."

शुक्रवारी होल्गरच्या टेबलावर केकची रिकामी ताटली होती.

"अरे, आण की एक," प्रेबेन म्हणाला. "एकदाच. खाऊ, हसू, सोमवारी तो कोपनहेगनचा तपासनीस येईल, त्याला सांगू चित्र नीट कळलं नाही. सगळ्यांचे शिक्के राहतील."

"चित्रात स्पीकर छतात आहे," होल्गर म्हणाला.

"कुठेय चित्र?"

"फाइलमध्ये होतं."

"आता नाहीये," आयगिल खिडकीकडे बघत म्हणाला. अकरा वर्षांत त्याने होल्गरला दिलेलं ते पहिलं उत्तर होतं.

होल्गर मात्र प्रत्येक चित्राची कार्बन प्रत घरी ठेवायचा. ती सवय पहिल्या कारखान्याची. शनिवार-रविवार ती प्रत स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होती. ती दाखवली की आयगिल संपला. त्याने ती इतक्या वेळा उलगडली की घडीवर कागद विरला. मंगळवारच्या त्या खुर्चीबद्दल कुणी विचारणार नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं.

सोमवारी तपासनीस आला. सुकलेला, सर्दी झालेला माणूस. त्याने स्पीकर काढायला लावला, काटा तेवीस अंश सरकून जागेवर आला. मग सगळे कॉफीच्या टेबलाशी बसले. होल्गरने प्रत पुढे सरकवली. तपासनिसाने ती उजेडाकडे धरली.

"छतात," तो म्हणाला.

आयगिलच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"म्हणजे स्पीकर इथे बसवला तोही तुम्ही, आणि कार्ड न तपासता भरलं तेही तुम्ही?"

"हो," आयगिल म्हणाला. "टपाल अडलं होतं."

होल्गर खुर्चीत मागे टेकला. तेवढ्यात टोवेने चाचणीचा कागद उचलला.

"मंगळवार. शिक्का नंबर चौदा," ती वाचत म्हणाली. "होल्गर, तू माझ्या खुर्चीत बसला होतास. तुला स्पीकर दिसला नाही?"

'लक्ष गेलं नाही' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. कुणी सिद्ध करू शकलं नसतं. पण दुसऱ्याच्या कामातला केसाएवढा ओरखडा काढणाऱ्या माणसाचं लक्ष गेलं नाही, हे त्याच्या तोंडून निघेना.

"दिसला."

"काटा?"

"तोही दिसला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आम्ही बोलत नाही."

तपासनिसाने नाक पुसलं आणि दोघांपुढे हात पसरला. दोन शिक्के त्याच्या तळहातावर पडले.

"घ्या," प्रेबेन कसनुसा हसत म्हणाला. "आता दोन केक."

"नाही," होल्गर म्हणाला. "केक चुकीला असतो. मला दिसलं होतं."

प्रेबेनचं हसू तिथेच राहिलं.

त्या शुक्रवारी आयगिल केक घेऊन आला. स्वतः भाजलेला, एका बाजूने करपलेला. त्याने ताटली टोवेपुढे धरली. तिने एक तुकडा घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. "करपलाय," ती म्हणाली. "माहितेय," तो म्हणाला. मग इतरांनीही घेतला. सहा महिन्यांनी त्याला शिक्का परत मिळाला.

होल्गरने शिक्क्यासाठी अर्ज केला नाही. हिर्त्शाल्सच्या बंदरात बोटींचे वायरलेस दुरुस्त करायचं काम त्याला मिळालं. त्याच महिन्याच्या अखेरीस तो आपली हत्यारं न्यायला आला, तेव्हा सगळ्यांनी पाठ वळवून आपापलं काम चालू ठेवलं. टोवे मात्र दारात आली.

"आयगिलने मला जवळजवळ मारलंच होतं," ती म्हणाली. "पण त्याचा केक मी खाल्ला. तुझं मी काय करू, सांग?"

होल्गर पक्कड कापडात गुंडाळत होता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

ती धावपट्टीकडे निघून गेली. त्याने पेटी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडला, कारण पुढच्या दारापाशी आयगिल काम करत होता.