आकारामाच्या दगडावरचं पिवळं

विट्याकडच्या नाथाजीनं १९४४ साली सांगलीच्या सराफ पेठेत गलाईची भट्टी लावली. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, हा त्याचा धंदा. ही गलाईवाली मंडळी सोनाराच्या दुकानातला केर विकत घेतील, त्याची बसायची पोतीसुद्धा जाळून राखेतून सोनं काढतील. पिवळं काही दिसलं की यांचा हात आवरायचा नाही.

जतची हरणाबाई लेकीच्या लग्नासाठी मोडकी बोरमाळ घेऊन आली. सोबत एक दगड होता. तिचा भाऊ आकाराम म्हैसूरकडं सोन्याच्या खाणीत कामाला होता. तिथंच दरड कोसळून तो गेला. त्यानं कधीतरी आणलेला हा टाकाऊ दगड तेवढा मागं राहिला.

"भाचीला सोनं घालीन म्हणायचा," ती म्हणाली. "ह्यातलं कणभर तरी तिच्या मण्यांत जाऊ द्या."

दगडावर पिवळी पूड धरली होती. नाथाजीनं ती हौसेनं खरवडली आणि बोरमाळेसोबत मुशीत टाकली. लगड झाली, हातोडी पडली, आणि सोनं भुईमुगाच्या टरफलासारखं तडकलं. ते पिवळं सोनं नव्हतंच. सोन्याच्या दगडावर क्वचित सापडणारा, सुरम्याच्या जातीच्या धातूचा तो गंज होता. कोळशाच्या आचेत त्याचा पुन्हा धातू झाला आणि सोन्यात भिनला.

लग्न चार दिवसांवर. गलाईवाल्यानं सोनं मारलं अशी बोंब झाली असती, तर भट्टीच उठली असती. तरी नाथाजीनं तुकडे तिच्यापुढं ठेवले.

"आक्का, माजी चूक झाली. सोनं सगळं हाय, पर ठिसूळ झालंय. म्या पुन्ना शुद्ध करतो. इश्वास नसंल तर दुसऱ्याकडं न्या."

हरणाबाई पदर खोचून भात्याशी बसली.

"ह्यो कसा वढायचा, सांगा."

नाथाजीनं सोरा आणि टाकणखार टाकून सोनं पुन्हा वितळवलं, वर आलेला मळ काढला, परत वितळवलं. दोघं घामानं निथळली. अखेर लगड हातोडीखाली मुकाट पसरली. नाथाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं धुरावर ढकललं.

"पर आक्का, तुमच्या भावाचं ह्यात काय ऱ्हायलं न्हाई," तो ओशाळून म्हणाला. "समदं मळात निघालं."

"आसूं द्या." तिनं सोनं पदरात बांधलं. "मांडवात पोरीच्या पाठीशी मामाची जागा रिकामी हाय, दादा. तितं तुमी उभं ऱ्हावा."