सुकवारोबाईंच्या मागे चालणारं इंजिन

नाल्याच्या काठावर दोन गाड्या उभ्या होत्या. कंपनी एक, मॉडेल एक, रंगसुद्धा एक. फरक होता तो बॉनेटखाली. तिवारी साहेब सावली शोधत होते, डॉक्टर अलका मुळे पाण्याकडे बघत होत्या, आणि सुकवारोबाई लुगडं वर खोचून, हातात काठी घेऊन पाण्यात उतरायच्या तयारीत होत्या. दोन्हीतलं कोणतं इंजिन घ्यायचं हे त्या दिवशी ठरणार होतं. ठरवणारा म्हणे मी.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून फाइलींचे ट्रक येत होते. ज्याला खुर्ची मिळाली त्याला टेबल नव्हतं, आणि दोन्ही मिळालं तो साहेब समजला जायचा. मी सरकारी वर्कशॉपमध्ये इंजिनीअर. गाड्या निवडून द्यायच्या, दुरुस्त करायच्या, दमल्या की तसं लिहून द्यायचं, एवढंच माझं काम.

डॉक्टर अलका मुळे रायपुरातल्याच बुढापारा मोहल्ल्यातल्या. घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. गरियाबंदच्या पुढे जंगलात त्यांचा फिरता दवाखाना चालायचा. फिरता म्हणायचा तो उन्हाळ्या-हिवाळ्यात. पावसाळा लागला की या नाल्याशी येऊन थांबायचा. आदल्या पावसाळ्यात पलीकडून एका अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून आणत होते. डॉक्टर अलीकडच्या काठावर उभ्या होत्या. खाट पाण्यात उतरायच्या आधीच बाई गेली. आता एका फोर व्हील ड्राइव्ह गाडीची मंजुरी आली होती. एकाच. निवड चुकली तर तीही वर्षानुवर्षं अलीकडेच उभी राहणार होती.

दोन इंजिनांबद्दल थोडं सांगतो. दोन्ही डिझेलची. एक लहान, पण टर्बोचं. टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि आत जास्त हवा कोंबतो, त्यामुळे लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. मात्र इंजिन वेगात फिरायला लागल्याशिवाय पंख्याला जोर येत नाही. दुसरं इंजिन आकाराने मोठं, बिनटर्बोचं. आवाज फार, हॉर्सपॉवर कमी, चालू केलं की स्टिअरिंगसकट ड्रायव्हरही थरथरतो. कागदावर टर्बो सरळ सरस होतं. माझंही मत तिकडेच झुकत होतं.

आदल्या आठवड्यात ऑफिसात आमचे वरिष्ठ तिवारी साहेब, ज्यांच्या सहीने गाडी यायची, म्हणाले होते, "वानखेडे, इसमें सोचना क्या है? ज़्यादा पावर है, टर्बो ले लो. राजधानी की गाड़ी है, राजधानी की लगनी चाहिए."

डॉक्टर समोरच बसल्या होत्या. त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "वानखेडे भाऊ, मले हॉर्सपॉवर नका सांगू. ते सुकवारोच्या मागं चालते का, येवढं सांगा."

"कोण सुकवारो?"

"तुम्ही या तं खरं नाल्यावर. दोन्ही गाड्या घेऊन या."

सुकवारोबाई पलीकडच्या गावची मितानिन, म्हणजे गावानेच निवडलेली, औषधपाण्याचं बघणारी बाई. त्या भागात एक रीत आहे. पाण्यात गाडी घालायची तर आधी गावचा माणूस उतरतो. काठीने तळ चाचपत पुढे तो आणि त्याच्या लगेच मागे गाडी. प्रत्येक पुरानंतर तळाची वाळू सरकते, कालच्या वाटेवर आज खड्डा असतो. पुढचा माणूस थांबला की गाडी थांबते, तो वळला की वळते. त्याला कोणी ओलांडत नाही. हे काम इथे सुकवारोबाईंचं.

तिवारी साहेबांना हा उशीर पटेना. "अरे, उसको पार होने दो, फिर गाड़ी निकालो."

"सर, पानी में पाँव के निशान नहीं रहते," डॉक्टर म्हणाल्या.

पावसाळा सरला होता, पाणी गुडघ्याएवढं होतं, पण ओढ होती. पहिली टर्बो उतरवली. स्टिअरिंगवर आमचा साहू ड्रायव्हर, शेजारी मी. लो गिअर टाकला. हा वेगळ्या दांड्याने टाकायचा गिअर, गाडीला वेग कमी आणि जोर जास्त देणारा. सुरुवात छान झाली. मधोमध वाळू लागली तसं इंजिन गुदमरलं. बंद पडेल म्हणून साहूने अॅक्सिलरेटर दाबला. क्षणभर काहीच नाही. मग पंख्याने हवा धरली आणि गाडीने उडी घेतली. गाडीने ढकललेलं पाणी सुकवारोबाईंच्या पायांवर आदळलं. त्यांनी काठी रोवून अंग बाजूला टाकलं म्हणून वाचल्या. साहूने अर्धा क्लच दाबून गाडी कशीबशी आवरत पलीकडे नेऊन परत आणली, तोवर आत क्लचप्लेट जळाल्याचा वास भरला होता.

सुकवारोबाईंनी लुगडं पिळलं आणि विचारलं, "दूसर हे का?"

"हव," डॉक्टर म्हणाल्या.

दुसरी गाडी. तेच पाणी, तीच वाळू, पुढे त्याच बाई. मी साहूला म्हटलं, "अॅक्सिलरेटर को छूना मत. पैर नीचे रख ले."

"बंद पड़ जाएगी, साहब."

"पड़ने दे."

पडली नाही. वाळू लागली तसा तिचा आवाज जड झाला. पंपातल्या गव्हर्नरने, म्हणजे फिरण्याचा वेग राखणाऱ्या भागाने, आपण होऊन डिझेल वाढवलं. कोणी पाय लावला नाही, आणि चाकं फिरत राहिली. सुकवारोबाई काठी टाकत, मग पाऊल टाकत. आम्ही मागोमाग. त्या दगडाशी थांबल्या, साहूने क्लच दाबला, आम्ही थांबलो. त्या डावीकडे वळल्या, आम्ही वळलो. बॉनेट आणि त्यांची पाठ यांच्यात हातभर अंतर राहिलं असेल. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. टनावारी लोखंड एका बाईच्या पावलाने चालत होतं. इतकी वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली, त्यात गव्हर्नरही शेकड्यांनी हाताळले, पण अंगावर काटा आला तो त्या दिवशी. नुसत्या लोखंडाला असं दमाने चालता येतं, हे मी प्रथमच पाहत होतो.

पलीकडे जाऊन तशीच परत अलीकडच्या काठावर आल्यावर डॉक्टरांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "काय हो, चालते का नाही सुकवारोच्या मागं?" त्यांनी विचारलं. मी खिशातला कागद काढून मोठ्या इंजिनापुढे खूण केली.

तिवारी साहेबांनी टर्बोच्या चाकांकडे पाहिलं, सुकवारोबाईंच्या ओल्या लुगड्याकडे पाहिलं, आणि मोठ्या इंजिनाला होकार दिला. वर इंजिनात पाणी शिरू नये म्हणून त्यांनी हवा आत घेणारा पाइप कंपनीकडून छतापर्यंत उंच करून मागितला. ती सूचना त्यांची स्वतःची होती आणि चांगली होती.

पुढच्या श्रावणात गाडीची तपासणी करायला मी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा पहाटे सुकवारोबाईच पलीकडून निरोप घेऊन आल्या. बाळंतीण अडली होती. सकाळी सुकवारोबाईंनी काठीने वाढलेलं पाणी पाहून चक्क नाही म्हटलं. आम्ही काठावर बसून राहिलो. दुपारी ओढ उतरली, तशा बाई पुन्हा पाण्यात शिरल्या, आणि मग कमरेला पदर आवळत, हाताने बोलावत म्हणाल्या, "आवव."

आम्ही गेलो, त्या पोरीला मागे निजवून त्याच चालीने परत आलो. पुढे सुकवारोबाई, मागे गाडी, साहूचा पाय अॅक्सिलरेटरवरून खाली. संध्याकाळी गरियाबंदच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि रडल्या. मीही डोळे पुसले, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

रायपूरला परतल्यावर तिवारी साहेबांनी विचारलं, "क्यों वानखेडे, नई गाड़ी कितना भाग रही है?"

"सर, सुकवारोबाई जितना चलती है, उतना."

साहेबांनी हातातली फाइल मिटली. "फिर तो पहुँच जाएगी," म्हणाले, आणि पुढची फाइल उघडली.

निवृत्त होईपर्यंत जंगलातल्या कामाची गाडी घेताना मी कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारत आलो, की ही सगळ्यात हळू किती चालते? टॉप स्पीड सगळ्यांना तोंडपाठ असायचा. याचं उत्तर कोणाकडेच नसायचं. मग मी गाडी घेऊन पाण्यावर जायचो.