छपराची जबानी

मळवलीच्या हौशीराम केदारीला घर दाखवायला नेलं की तो आधी वहाणा काढायचा, मग मुंडासं उतरवून उशाला घ्यायचा आणि सरळ जमिनीवर उताणा पडायचा. घरच्या बाईनं नुकतंच सारवलेलं असलं तर तिचा जीव हळहळायचा. पण हौशीराम म्हणजे छपरांचा वैद्य, आणि नाडी बघत असलेल्या वैद्याला कुणी टोकत नाही. पोटावर हात बांधून तो वर बघत राहायचा. कौलांच्या फटीतून उजेडाचा ठिपका कुठं पडतोय, कुठला वासा वाकलाय, उंदरांनी कुठं वाट केलीय, सगळं त्याला तिथूनच कळायचं. एक खोली झाली की उठायचे कष्ट तो घ्यायचा नाही. कोपरांवर रेटत दुसऱ्या खोलीत जायचा. कामशेतच्या एका घरात असा सरकताना तो दोन खोल्यांच्या मधल्या दारात अडकला होता आणि घरातली माणसं तासभर त्याच्यावरून ये-जा करत होती. त्याची काही तक्रार नव्हती, कारण नेमकं तिथलंच आढं बघायचं होतं.

हा धंदा त्याला लोणावळ्यात सापडला. विशीत असताना तो रेल्वेच्या चाळींवर एका सुताराच्या हाताखाली होता. दरवर्षी पावसाच्या आधी एक साहेब वही घेऊन यायचा, घर किती वर्षांचं ते विचारायचा, वर बघायचा आणि काहीतरी लिहायचा. याला ‘सर्वे’ म्हणतात असं सुतारानं सांगितलं. हौशीरामला ते फार आवडलं. आपल्याकडं पाणी ताटात पडेपर्यंत कुणी मान वर करत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं रेल्वे सोडली आणि होळी झाली की मळवलीपासून तुंगार्लीपर्यंत घरोघर सर्वे करत हिंडू लागला.

आधी तो वर चढूनच बघायचा. पण ज्या घरी जाईल तिथं जेवण व्हायचं, आणि नको म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तिशीला पोचेपर्यंत तो दीड पोत्याच्या वजनाचा झाला. सत्तावीस साली पाटलांच्या गोठ्यावर तो शिडीनं चढला आणि शिडीशिवाय खाली आला. खाली म्हैस होती म्हणून वाचला. म्हशीनं चार दिवस दूध दिलं नाही. तेव्हापासून त्यानं उताणं पडून बघायची रीत काढली, आणि गंमत म्हणजे वरून दिसायचं त्याहून त्याला खालून जास्त दिसू लागलं.

त्याची आणखी एक सवय होती. तो छपरांशी बोलायचा. घर नवं असलं तर, “काय रं पोरा, आत्तापास्नंच वाकतोस व्हय?” पन्नास पावसाळे पाहिलेलं गवती छप्पर असलं तर, “आबा, कुटं दुखतंय?” त्याच्या मते नवी घरं दुखणं लपवतात, म्हातारी घरं मोकळेपणानं सांगतात, आणि वीस-पंचवीस वर्षांची सगळ्यात लबाड, कारण त्यांना अजून आपण तरणे आहोत असं वाटत असतं. त्याची बायको सरुबाई म्हणायची, “तुमी इचारताय ते खरं, पण एकानं तरी उत्तर दिलंय का?” हौशीराम म्हणायचा, “देतील. घाई काय हाय?”

छत्तीस सालच्या वैशाखात पुण्याच्या एका निवृत्त मामलेदारांचा निरोप आला. लोक त्यांना रावसाहेब म्हणायचे. तुंगार्लीच्या तळ्याकडचा एक बंगला त्यांना विकत घ्यायचा होता. मालक मुंबईचे शेठ. बंगला आठ वर्षांचा आहे, असं त्यांनी कळवलं होतं. रावसाहेबांनी उभ्या नोकरीत कुणाच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. आपण गुरुवारी येऊ, तोवर सर्वे करून ठेवावा, असं त्यांनी हौशीरामला सांगून पाठवलं.

बुधवारी सकाळी हौशीराम फडक्यात भाकरी बांधून तुंगार्लीला पोचला. बंगल्याचा राखणदार मारुती कुठं बाहेर गेला होता. त्याची बायको धोंडाबाई धुण्याची बादली घेऊन तळ्याकडं निघाली होती. तिनं दार उघडून दिलं आणि ती गेली. हौशीराम पुढच्या खोल्या बघून सगळ्यात मागच्या खोलीत आला. तिथं लाकडी तक्तपोशी नव्हती, मंगलोरी कौलं उघडी दिसत होती. फरशी गार होती. तो उताणा झाला. सवयीनं म्हणाला, “काय दादा, कुटं दुखतंय?” आणि त्याचा डोळा लागला.

डोळा लागला तो किती वेळ, त्याला कळलं नाही. जाग आली ती वर कौलं करकरली म्हणून. कुणीतरी घसा साफ करावा तसा आवाज झाला. मग छप्पर बोललं.

आवाज घोगरा होता, लांबून आल्यासारखा. छप्पर म्हणालं, “डाव्या अंगाला आतनं समदं वाळवीनं खाल्लंय बग. वरनं डांबर फासलं की कुणाला कळतंय?”

हौशीरामच्या अंगावर सरसरून काटा आला. वीस वर्षं तो विचारत होता. आज पहिल्यांदा उत्तर आलं होतं. तो उठला नाही. एक तर उठायला त्याला वेळ लागायचा, आणि शिवाय म्हातारं माणूस बोलत असताना मध्येच उठणं बरं नव्हे.

“पाऊस जवळ आला की सांधं लय ठणकत्यात,” छप्पर म्हणालं.

“ठणकणारच की,” हौशीराम ओठांतल्या ओठांत म्हणाला.

“पंचवीस वर्सं झाली भार व्हातोय. पण एक दिस कुणी इचारलं न्हाई, बाबा, दमलास का?”

हौशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. शेठ आठ वर्षं म्हणत होते, आणि इथं खुद्द छप्पर पंचवीस सांगत होतं.

मग बराच वेळ करकर झाली, आणि छप्पर एकदम कडवटपणे म्हणालं, “आन् ती सासू. आली तवापास्नं ठाण मांडून बसलीया. हलायचं नाव न्हाई.”

यावर मात्र हौशीरामला विचार करावा लागला. छपराला सासू कशी? तो वर बघत राहिला आणि त्याला उमगलं. भिंतीतून वर गेलेलं धुराडं. ते मागाहून बांधलेलं होतं, काळवंडलेलं होतं, आणि छपराच्या उरावर बसलं होतं. सासूच ती.

“कायतरी चटणी-भाकरी मिळंल तर बरं,” छप्पर शेवटी म्हणालं, आणि त्यानंतर गप्प झालं.

हौशीरामनं दोन्ही हातांनी जमीन रेटत स्वतःला उभं केलं. फडकं सोडलं, अर्धी भाकरी आणि लसणाची चटणी काढली, कोपऱ्यातल्या स्टुलावर चढून ती भिंतीच्या माथ्यावर वाशांच्या शेजारी ठेवली, हात जोडले आणि मळवलीची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब छत्री, दौत-टाक आणि कागद घेऊन आले. दारात मारुती उभा होता. कौलं उघडून बघावी लागली तर हाताशी असावा म्हणून त्यानं कामशेतचा गवंडी बजरंग यालाही थांबवून घेतलं होतं. हौशीरामनं घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

रावसाहेबांनी चष्मा पुसला. “म्हणजे छपरानं तुला तोंडी सांगितलं?”

“व्हय, रावसाहेब.”

“मग त्याची जबानी घ्यायला हवी,” रावसाहेब म्हणाले. त्यांना हौशीरामची गंमत करायची होती. ते ओट्यावर बसले, कागद गुडघ्यावर घेतला आणि मामलेदारी आवाजात एकेक शब्द उच्चारत लिहू लागले. “जबानी देणार, छप्पर. वय वर्षे पंचवीस. धंदा, घर झाकणे. राहणार तुंगार्ली. विचारल्यावरून सांगतो की, माझे डावे अंग वाळवीने खाल्ले असून वरून डांबर फासण्याचा बेत आहे.”

मारुती एकदम वहाणेचा अंगठा दुरुस्त करायला खाली वाकला.

“पावसाच्या सुमारास माझे सांधे ठणकतात. पंचवीस वर्षे भार वाहत असून, दमलास का, असे मला कोणी विचारले नाही.”

आता बजरंग गवंडी हळूच खांबाआड सरकला.

“माझी सासू आल्यापासून ठाण मांडून बसली आहे. सासू म्हणजे काय रे?”

“धुराडं,” हौशीराम म्हणाला.

“सासू, म्हणजे धुराडे,” रावसाहेबांनी कंसात लिहिलं. “मला चटणी-भाकरी मिळाल्यास बरे. बस. आता बघू, साक्षीदार किती खरा आहे.”

बजरंग वर चढला. डाव्या अंगाची कौलं उतरवली तर खालचे चार वासे आतून पोकळ निघाले. काठीनं टोचलं की भुसा गळत होता. दोन वाशांवर डांबर फासलेलं होतं, तेही ओलंच. रावसाहेबांच्या चेहऱ्यावरची गंमत जरा कमी झाली. मग धुराड्याजवळचं कौल काढलं तर तिथून भिंतीला हातभर चीर गेलेली. रावसाहेबांनी हातातला टाक खाली ठेवला. शेवटी आढ्यावरची कौलं निघाली आणि बजरंगनं वरून सांगितलं की लाकडावर कुणा सुतारानं पटाशीनं साल कोरून ठेवलंय. एकोणीसशे अकरा.

रावसाहेबांनी बोटांवर मोजलं. पंचवीस. त्यांनी पुन्हा मोजलं. मग ते मागच्या खोलीत गेले आणि भिंतीच्या माथ्याकडं मान वर करून बराच वेळ उभे राहिले. भाकरी गेली होती. तिथं थोडी चटणी तेवढी राहिली होती.

“खाल्ली,” रावसाहेब हलक्या आवाजात म्हणाले.

त्यांनी बाहेर येऊन जबानीचा कागद नीट घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. शेठना वासे बदलून द्यावे लागले, आणि मग बंगल्याचा व्यवहार ठरला.

परत जाताना बजरंग हौशीरामच्या बरोबर वलवणपर्यंत चालत आला. तो सारखा खाकरत होता. शेवटी म्हणाला, “हौशीभाऊ, एक सांगू? रागवायचं न्हाई. काल वर मी व्हतो. शेठचा सांगावा आलाता, डांबर फासून घ्या म्हणून. मारुती मला बोलावून घिऊन आला आन् खाली शिडी धरून व्हता. त्यो कवाच बोलत न्हाई, म्हून मी आपलं माझं गाऱ्हाणं सांगत बसलो.”

“आन् पंचवीस वर्सं?”

“माझ्या लग्नाला झाली.”

“सासू?”

“दिवाळीला आलीया. आजून हाय.”

हौशीराम रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. त्याला राग आला नाही, पण घरातलं कुणी न सांगता परगावी निघून जावं तसं वाटलं. बजरंग त्याच्या शेजारी बसून राहिला. थोड्या वेळानं हौशीरामनं विचारलं, “आन् सांधं खरंच ठणकत्यात?”

“लय.”

“निरगुडीचा पाला बांध,” हौशीराम म्हणाला, आणि दोघं उठले.

घरी त्यानं सरुबाईला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की चुलीवरचा भात करपला. मग त्याचं तोंड बघून म्हणाली, “असू द्या की. त्या बजरंगाचं गाऱ्हाणं पंचवीस वर्सांत तुमीच पयल्यांदा ऐकलं.”

तरी हौशीरामला चैन पडेना. आपल्या नावावर खोटं लागलंय, ते काढायला हवं, म्हणून आठ दिवसांनी रावसाहेब वाशांचं काम बघायला आले तेव्हा तो तुंगार्लीला गेला आणि त्यांच्यापुढं सगळं कबूल केलं.

रावसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. तोवर त्यांनी पुण्यात निम्म्या सदाशिव पेठेला ती जबानी वाचून दाखवली होती. ते म्हणाले, “हौशीराम, बजरंगच्या लग्नाला पंचवीस वर्षं आणि आढ्यालाही पंचवीसच? असा योगायोग तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिला नाही. छप्परच बोललं. त्याला तोंड नाही, म्हणून त्यानं बजरंगचं वापरलं.”

“पण रावसाहेब...”

“जबानी झालेली आहे. आता साक्षीदार फिरवायचा नाही.”

यापुढं हौशीरामचं काही चालेना. रावसाहेबांच्या ओळखीची माणसं पुण्याहून येऊ लागली आणि गावोगावचे लोक तर आधीच येत होते. वासे कसे आहेत हे कुणी विचारेना. जो तो म्हणे, “आमचं छप्पर काय म्हणतंय?” पहिलं वर्षभर त्यानं, छप्पर बोलत नाही, असंच सांगितलं. लोक नाराज व्हायचे. आपलंच छप्पर तेवढं मुकं का, असं त्यांना वाटायचं.

मग एकदा कामशेतला झुंबरबाई नावाच्या बाईच्या घरी तो उताणा पडला असताना, भरल्या दिवसांची सून विहिरीवरून तिसरी खेप घेऊन आलेली त्यानं जमिनीवरून पाहिली. झुंबरबाईनं विचारलं, “काय म्हणतंय?” हौशीराम वर बघत बराच वेळ थांबला. “आढ्यावरची कोनं कौलं बदला म्हणतंय,” तो म्हणाला, “आन् म्हणतंय, सुनेला बाळंतपणाला उद्याच्या उद्या म्हायेरी धाडा. न्हाईतर पावसाळ्यात माझा भरवसा धरू नका.”

सून दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. कोनंही बदलली.

त्यानंतर मावळातली छपरं बरंच काही मागू लागली. एकाला घरधन्यानं दारू सोडलेली हवी होती. एकाला दोघा भावांनी एकत्र जेवलेलं हवं होतं, कारण वेगवेगळ्या चुलींचा धूर त्याला सोसत नव्हता. गळतीबद्दल मात्र हौशीरामनं कधी एक शब्द खोटा सांगितला नाही. ते तो डोळ्यांनी बघून सांगायचा आणि ते बरोबर निघायचं, म्हणून बाकीचंही लोक मानायचे. सरुबाई एकदा म्हणाली, “आपलं छप्पर काय म्हणतंय ते बी बगा की.” तो तिथंच उताणा पडला. “म्हणतंय, सरूला नवं लुगडं पायजे,” तो म्हणाला. “लबाड हाय,” सरुबाई म्हणाली, पण लुगडं घेतलं.

शेचाळीस साली लोणावळ्यात एकानं सिमेंटच्या स्लॅबचं घर बांधलं आणि हौस म्हणून हौशीरामला बोलावलं. तो आता पन्नाशीकडं आला होता, वजन दोन पोत्यांवर गेलं होतं. तो खोलीच्या मधोमध आडवा झाला. वर वासा नाही, रीप नाही, कौल नाही, उजेडाचा ठिपका नाही. सगळं सपाट, पांढरं. तासभर गेला. घरमालकानं चहा आणून शेजारी ठेवला आणि विचारलं, “काय म्हणतंय?”

उत्तर आलं नाही. मालकानं वाकून पाहिलं. हौशीराम तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता, आणि त्याच्या घोरण्याचा आवाज त्या रिकाम्या खोलीत घुमत होता. मालकानं चहावर बशी झाकली, दार हळूच लोटून घेतलं आणि बाहेर थांबलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, “सर्वे चालू आहे.”