कुरडयांतून गेलेली गाडी

मुलाच्या वाढदिवसाला आणलेलं रोबो-गाडीचं किट काही दिवसांतच माळ्यावर गेलं. तिथून मी ते खाली काढलं. लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. डिंगोऱ्यात नांदायला आल्यावर त्याचा उपयोग मिक्सर उघडण्यापुरता उरला होता.

दुपारी कामं उरकली की मी माजघरात तारा पसरून बसायची. सगळं गाव पेंगत असायचं. कुठे तरी पाण्याची मोटर घुमत राहायची, आणि मला वाटायचं, आपणही तिच्याबरोबर हळूहळू कुठे तरी चाललोय. किटची चाकं फरशीसाठी होती, अंगणातल्या मातीत नुसती फिरायची. मी त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चढवल्या. बैल विकल्यापासून खुंटीला लटकणाऱ्या माळेतलं एक घुंगरू पुढे बांधलं. मग आवाज ओळखणारं एक मशीन बसवलं. आपण शब्द म्हणून साठवायचा, की गाडी तो ऐकते.

ओट्यावरच्या खाटेवर सासरे असत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. लकवा मारल्यापासून त्यांचे शब्द वाकडे यायचे. भेटायला आलेला एक पावणा हसला, आणि त्या दिवसापासून दादांनी तोंडच मिटलं. "त्यांना बोलतं ठेवा, नाहीतर वाचा जाईल ती कायमचीच," डॉक्टर म्हणाले होते.

खरं तर दादा माझ्याशी कधी थेट बोललेच नव्हते. मी समोर उभी असतानाही सासूबाईंना म्हणायचे, "तिला म्हणावं, च्या लई गोड झालाय." तेव्हा माझं डोकं फिरायचं. आता तेच ऐकायला कान आसुसले होते.

एके दुपारी गाडी अंगणात घुंगरू वाजवत फिरत होती. सासूबाईंनी जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. गाडी तिकडे वळली. मी "थांब, थांब" ओरडले, पण रस्त्याने ट्रॅक्टर चालला होता, तिला काही ऐकू गेलं नाही. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "ओऽऽ!"

बैलांना थांबवायची हाळी होती ती. त्यातला ह तेवढा गळला होता. मी हातातलं सगळं टाकून वळले. पण गाडीला माझाच आवाज कळत होता. ती खुशाल कुरडयांतून गेली. दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी मशीनचं शब्द साठवायचं बटण दाबून गाडी मुद्दाम कुरडयांवर सोडली.

"अगं, चुरा करतीस का काय समद्याचा!" सासूबाई कडाडल्या. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दादांनी बराच वेळ दम धरला. शेवटी राहवलं नाही. "ओऽऽ!" पुन्हा सोडली. "ओऽऽ!" शब्द साठला. वाकडा होता तसाच साठवला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पुढच्या वेळी दादा म्हणाले "ओऽऽ", आणि गाडी जागच्या जागी थांबली. घुंगरूही थांबलं. ते बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "अल." चल म्हणायचं होतं त्यांना. मी तेही साठवून घेतलं.

ती सगळी दुपार गाडी येत-जात राहिली. अल, ओऽऽ, अल. ऊन ओट्याची पायरी चढून खाटेपर्यंत आलं. मी खांबाला टेकून उभी होते. सासऱ्यांसमोर सुनेनं बसायची आमच्याकडे रीत नाही.

दादांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. ओठ बराच वेळ जुळवत राहिले.

"ओरी," ते म्हणाले, "इतं बश."

गाडीला यातला एकही शब्द शिकवलेला नव्हता, ती उभीच राहिली. मी त्यांच्या खाटेवर, पायाशी बसले.