जोडीतला दुसरा डोळा

बसा, चहा उकळतोय. तोवर माझीच एक फजिती ऐका, म्हणजे हसायला दुसरा कुणी शोधावा लागणार नाही. फक्त एक करा, ऐकून झाल्यावर डोळ्याचं औषध माझ्या हातात देऊ नका. आमच्या घरात तर कुणी देतच नाही!

हा माझा डावा डोळा बघा. लहानपणी देवी आल्या, तेव्हा यात फूल पडलं. यातून नुसता उजेड-अंधार कळतो. म्हणजे सगळा संसार उजव्यावर! पेरणी उजव्यावर, गाडी हाकणं उजव्यावर, बायकोचा राग लांबून ओळखणं तेही उजव्यावरच.

त्यात माझ्या बापाचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेले. म्हातारा काठीचं एक टोक धरायचा, दुसरं मी धरायचो, असे आम्ही शेतात जायचो. त्यामुळे मोतीबिंदू म्हटलं की मला आधी ती काठीच दिसायची.

तर काय झालं, चाळिशीच्या आसपास असेन मी, तेव्हा पेरणीच्या तोंडावर हा फूल पडलेला डोळा लालभडक झाला. ठणका असा, की डोक्यात कुणी खुंटी ठोकतोय! आमच्या कळसाडी गावाहून गाडी जुंपली आणि शहाद्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर पुण्याकडचा. त्याने डोळा उलटापालटा करून पाहिला, मी घरून नेलेल्या बाटलीत औषध भरलं, थेंब टाकायला काचेची नळी दिली आणि बोट रोखून म्हणाला, "फक्त डाव्या डोळ्यात. उजव्याला लावायचं नाही. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. कळलं?"

कळलं की! न कळण्यासारखं काय होतं त्यात?

पण गाडी हाकता हाकता माझ्या मनात आलं, डॉक्टर शिकलेला खरा, पण याने बैलजोडी कधी हाकलेली दिसत नाही. अहो, जोडीतल्या एकालाच सरकी घातली तर दुसरा नांगर ओढील का? एकाच्या खांद्याला तेल लावलं की दुसऱ्याच्याही लावावं लागतं. डोळ्यांचीही जोडीच ना? आणि त्यातला राबणारा कोण? उजवा! आजाऱ्याला औषध आणि राबणाऱ्याला काहीच नाही? मला ते बरं वाटेना.

संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. तेवढ्यावर थांबलो असतो, तरी आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण गोठ्यात आमचा बांड्या बैल उभा. तुरीचा खुंट लागून त्याचा एक डोळा गळत होता. म्हटलं, ये बाबा, तूही घे. त्याच्याही दोन्ही डोळ्यांत टाकलं. त्याच्या जोडीच्या लाख्याने शिंग उगारलं, म्हणून तो वाचला.

सकाळी उठलो, तर हाताच्या रेषा दिसेनात! भाकरी दिसते, पण जळली की नाही ते कळेना. सरकीचं बी तळहातावर घेतलं, तर नुसता पांढरा डाग. आणि अंगणात पाऊल टाकलं, तर ऊन सुईसारखं डोळ्यात घुसलं.

मी भिंतीला धरून खालीच बसलो. पेरणी कोण करणार? काठीचं दुसरं टोक कोण धरणार?

शेजारचा झिपरू आला. "काय रे भाऊ, असा काबरं बठेल शे?"

"झिपरू, माले जवयनं काहीच दिखत नही रे!"

त्याने वाकून माझ्या डोळ्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मोतीबिंदू शे! तुन्हा बापलेबी आसंच व्हयेल व्हतं ना?"

झिपरूला मदतीची भारी हौस. गावात तेव्हा एक फिरस्ता आला होता. सुईने मोतीबिंदू डोळ्यातच मागे ढकलायचा त्याचा धंदा. झिपरूने त्यालाच आणून उभा केला. त्याने एकदा पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "पाटील, पक गया है! आज नहीं निकाला तो आँख गई समझो."

आता मला सांगा, आंधळा होतोय असं वाटणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, काढ बाबा. झिपरूने माझं डोकं दोन्ही हातांनी आवळून धरलं. फिरस्त्याने सुई धोतराला पुसली. मी देवाचं नाव घेतलं.

"थांबा!"

आमची कारभारीण, भागाबाई! बांड्याला कासऱ्याने ओढत अंगणात येत होती. तो डोळे मिचकावतोय, खांबाला धडकतोय, सावली सोडायला तयार नाही.

"आधी मन्हा बैलना डोया देख," ती फिरस्त्याला म्हणाली.

त्याने बैलाच्याही डोळ्यात पाहिलं. "ये भी पक गया है, बाई. दोनों का कर देता हूँ."

"हा का?" भागाबाईने कंबरेवर हात ठेवले. "काल सांजले मन्हा हातमातली सरकी दूरथून देखीसन हाऊ बैल धावी उना. आन् आज त्यालेबी मोतीबिंदू? धनीले आन् बैलले एकच दिन?"

झिपरूचे हात सैल पडले. फिरस्ता सुई गुंडाळू लागला. भागाबाई माझ्याकडे वळली. तिचा राग ओळखायला मला डोळ्यांची गरजच पडली नाही.

"खरं सांगा, काय टाकं तुम्ही बैलना डोयामा?"

"औषध."

"आन् तुमना चांगला डोयामा?"

"तेच. जोडी शे ना..."

तिने लाख्याच्या जोडीला झिपरूचा बैल जुंपला आणि मला शहाद्याला नेलं. डॉक्टरने विचारलं, "औषध कुठल्या डोळ्यात टाकलंत?"

"डाव्या."

"आणि?"

"उजव्या."

"आणि?"

मी पागोटं सारखं केलं. भागाबाईने बैलाचं सांगितलं, तर डॉक्टर खुर्चीतून उठलाच! आधी हसला, मग मात्र चिडला. "या औषधाने बाहुली मोठी होते, म्हणून जवळचं दिसत नाही अन् ऊन सोसवत नाही. तो मोतीबिंदू नव्हे. चार-आठ दिवसांत आपोआप उतरेल. पण काही डोळ्यांत हेच औषध पडलं ना, तर डोळा कायमचा जातो. आणि त्या सुईने तर आजच गेला असता! एकच धड डोळा आहे, भाऊ, जपा त्याला!"

एका सुईच्या अंतरावर होतो हो मी बापाच्या काठीपासून.

मला वाचता येत नाही, म्हणून त्याने बाटलीच्या कागदावर चित्रच काढलं. एक डोळा. आणि शेजारी एक बैल काढून त्यावर मोठी फुली.

घरी येताना मी तो कागद जवळ धरला, लांब धरला, तिरका धरला.

"समजलं ना काय लिखेल शे?" भागाबाईने विचारलं.

"न समजाले काय व्हयनं?" मी म्हटलं. "शेळीले टाकानं नही!"

तिने माझ्या हातातली बाटली काढून घेतली, ती डोळा बरा होईपर्यंत पदरातच बांधून ठेवली.