शकूमावशीचं अंगण

पाहुणे गाडीतून उतरले की शकूमावशी त्यांना आधी घरात नेत नसे. पाणी नाही, चहा नाही. आधी बंगल्याभोवती एक फेरी. लॉनपासून कुंपणापर्यंत गवत खरवडून काढलेली जमीन दाखवायची, मग मागच्या भिंतीलगतचा कचऱ्याचा डबा. त्याच्या झाकणावर मोठा दगड ठेवलेला असे. "उष्टं, हाडं, सगळं यातच. दगड परत ठेवायचा," एवढं सांगून किल्ली हातात द्यायची. आतलं घर पाहुण्यांचं, बाहेरचं माझं, असा तिचा हिशोब होता.

मावशी आता नाही. दिंडोरीच्या बाजूचा तो बंगला काकांनी निवृत्तीनंतर बांधला. ते गेल्यावर शनिवार-रविवारी मुंबईच्या लोकांना तो भाड्याने द्यायची कल्पना माझी. नाशिकला घरी बसून मी बुकिंग घ्यायची, मावशी तिथल्याच मागच्या खोलीत राहायची. पाहुणे नंतर लिहायचे: जागा सुंदर, पण मालकीणबाई फार टोकतात. मी तिला ते वाचून दाखवलं की म्हणायची, "टोकते ना? मग बरंय. टोकलेलं माणूस विसरत नाय."

लोक लॉनवर शेगडी लावायचे आणि चघळलेली हाडं सरळ उसात भिरकावायचे. ऊस कुंपणाला लागूनच होता. मावशी बादली घेऊन जायची आणि सगळं वेचून आणायची. एकदा मी वैतागून म्हटलं, अगं, कुत्री खातील की. तेव्हा तिने बादली खाली ठेवली.

"कुत्री येतातच गं. पण कुत्र्यांच्या मागं कोण येतं, ते मी पाहिलंय."

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. उसाच्या कडेला खेळणारी एक मुलगी तिथे आणली होती, ते तिने मला त्या दिवशी सांगितलं. मुलीचं नाव सांगितलं. मग बादली उचलून पुन्हा उसाच्या कडेला गेली.

गेल्या हिवाळ्यात आसपासची ऊसतोड सुरू झाली आणि उभा ऊस उरला तो फक्त मावशीच्या कुंपणाजवळचा. त्याच सुमारास रस्त्यावरची कुत्री कमी होत गेली. एका सकाळी नळाजवळच्या चिखलात बिबट्याची पावलं उमटलेली दिसली. वनखात्याची माणसं येऊन पाहून गेली. त्यांनी सांगितलं ते मावशी आधीपासूनच करत होती: उजेड ठेवा, गवत काढा, खरकटं टाकू नका. मी बुकिंग थांबवूया म्हटलं, पण पुढच्या शनिवारचे चार जण आधीच ठरले होते. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते उलट खूशच झाले. मला राहवेना, म्हणून मीही तिकडे गेले.

दिवस मावळत होता. मावशी नेहमीची फेरी मारायला निघाली आणि दारातच थबकली. कुंपणाच्या तारेला कोंबडीच्या तंगड्या सुतळीने बांधल्या होत्या. खिडकीच्या काचेमागे मोबाइल लावून ठेवला होता.

"मावशी, फक्त एक व्हिडिओ," त्यांच्यातला एक जण म्हणाला. "आम्ही बाहेर जाणारच नाही."

"तुम्ही आत हाय. पलीकडच्या वस्तीवरची पोरं कुठं हायेत?"

मावशी बादली घेऊन पायऱ्या उतरली. मी दारातून बॅटरी धरली. ती एकेक गाठ सोडवत होती. सुतळी तोडली असती तर तुकडे पडले असते, म्हणून सोडवत होती. शेवटच्या गाठीला हात घातला आणि वारा नसताना समोरचा ऊस हलला. मावशी ताठ उभी राहिली. मान न वळवता, नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "बॅटरी हलवू नको." मग गाठ सोडवली, तंगडी बादलीत टाकली आणि उसाकडे तोंड ठेवूनच एकेक पाऊल मागे घेत आली. दार लावल्यावर मात्र ती जमिनीवर बसली. बादलीची कडी तिच्या हातातून सुटेना.

काचेमागचा मोबाइल चालूच होता. मावशीची पाठ आणि तिच्या पुढ्यात उसात चमकलेले दोन डोळे घरोघर पोहोचले. मला फोनवर फोन येऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच, दिसेल ना? मावशीने गेटवरची 'भाड्याने मिळेल'ची पाटी स्वतः उतरवली.

पण शेजारच्या फार्महाउसवाल्याने आपल्या गेटवर बिबट्याचं चित्र लावलं.

ती गेली त्याआधी मी तिला शेवटचं भेटले, ती संध्याकाळची वेळ होती. शाळा सुटली की वस्तीवरच्या मुलांना ती रोज घरी सोडायची. हातात काठी, आणि मुलांना मोठ्याने पाढे म्हणायला लावायची. त्या दिवशी मीही सोबत चालले. शेजारच्या लॉनवरचे दिवे मुद्दाम मालवले होते. उसाकडे मोबाइल धरून पाहुणे दबा धरून बसले होते. त्यांतल्या एकीने हलक्या आवाजात विनवलं, "मावशी, मुलांना जरा गप्प करता का? आवाजाने तो येत नाही."

मुलं आपोआप थांबली. आमच्या दोन्ही बाजूंना पुन्हा उंच वाढलेला ऊस होता.

मावशीने पुढच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "तेराचा घ्या. मोठ्यानं."