घरत साहेब आणि सातवी अट

कोणतंही व्याख्यान संपलं की घरत साहेब हात वर करायचे आणि तोच प्रश्न विचारायचे, "सर, हे सगळं ठीक आहे. पण उद्या सकाळी दहा वाजता ऑफिसात गेल्यावर मी नेमकं काय करू?"

कंपन्यांत पगारी नोकरी करणाऱ्या आम्हा वकिलांची एक संघटना आहे. वर्षातून दोनदा ती आम्हाला मांडव्याजवळच्या एका रिसॉर्टवर बोलावते आणि दोन दिवस नवे कायदे शिकवते. मुंबईची मंडळी गेटवेवरून बोटीनं येतात, आम्ही रायगडवाले कंपनीच्या गाडीनं. गळ्यात नावाची पट्टी, खांद्याला कापडी पिशवी, एसी इतका गार की बायका पदर लपेटून बसलेल्या. दुपारच्या जेवणाला सुरमई, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इतके इतके तास शिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. ते एचआरकडे पाठवलं की एक काम संपलं. मी अकरा वर्षं जाते आहे. काय शिकले असं कुणी विचारलं तर सांगायला फारसं सापडत नाही. घरत साहेबांचा प्रश्न मात्र पाठ आहे.

वक्ते वैतागायचे. एकदा एक बाई म्हणाल्या, "हे हळूहळू रोजच्या कामात मुरत जातं." साहेब "बरं" म्हणून खाली बसले आणि डायरीत तारीख घालून लिहिलं, 'उत्तर मिळालं नाही.' अशा नोंदींनी डायरीची कितीतरी पानं भरली होती. चहाच्या वेळी ते ती पानं मला दाखवायचे. त्यात कुचेष्टा नसायची. औषध लागू पडत नाही असं डॉक्टरला सांगणाऱ्या पेशंटचा चेहरा असायचा.

हिराजी घरत आमच्या कंपनीचे कायदा प्रमुख. कंपनीची खाडीवर स्वतःची जेट्टी आहे, तिथं मालाच्या सपाट बोटी, म्हणजे बार्जेस, लागतात. कायदा खातं म्हणजे म्हसळ्याला भाड्याच्या दोन खोल्या. त्यात साहेब, मी आणि टायपिंग करणारे नलावडे. साहेब पेणकडचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. दहावीपर्यंत स्वतः मीठ ओढलेलं. पायांच्या नडग्यांवर जुने पांढरट व्रण होते, ते लपवायला उन्हाळ्यातही जाड मोजे घालायचे. दिवसा कंपनीच्या जमीन खात्यात कारकुनी आणि संध्याकाळी कॉलेज असं करून वकील झाले. पुढं पूर्णवेळ नोकरीसाठी सनद परत करावी लागली. मी नवी असताना स्वतःला वकील म्हणवून घेतलं, तेव्हा त्यांनी मला थांबवलं होतं.

"आपण वकील न्हाय, बाय. सनद ठेवून आलो आपण. आपण कायदा वाचता येणारे नोकर."

चारचौघांत मी 'जाधव मॅडम' असे. दोघंच असलो की 'बाय'.

मसुदा कसाही असो, ते तो मोठ्यानं वाचून घ्यायचे. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. मध्येच बोट वर करायचे. "थांब. इथं धाप लागली तुला. ज्या वाक्याला धाप लागते त्यात कायतरी लपवलेलं असतं." मग ते वाक्य आम्ही तोडून दोन करायचो. लपवलेलं खरंच सापडायचं. कधी आम्हीच लपवलेलं असायचं, तेव्हा ते नुसतं पुढं वाच म्हणायचे.

त्यांची एक गोष्ट मला फार वर्षं कळली नव्हती. ऑफिसपासून एसटी स्टँड सरळ मासळी बाजारातून पाच मिनिटांवर. पण साहेब रोज मागच्या बाजूनं, शाळेला वळसा घालून जायचे. पावसात छत्री उलटी होत असली तरी तोच रस्ता. मला वाटायचं, चालायची हौस असेल. मासळीचा वास सोसत नसेल असं नलावडे म्हणायचे, आणि डब्यात सुकट आणणारा माणूस असं करेल कसं, याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही.

गेल्या खेपेच्या आधीच्या खेपेला मांडव्याचा विषय होता, कंपनीतल्या वकिलांच्या पत्रव्यवहाराची गोपनीयता. बाहेरच्या वकिलाला आपण लिहिलेलं कोर्टात उघड होत नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पगारी वकिलानं आपल्याच साहेबाला लिहिलेल्याला ते नाही. मुंबईचे एक मोठे वकील समजावून सांगत होते. शेवटी ते हसून म्हणाले, "तेव्हा मित्रांनो, धडा एकच. वाईट बातमी असेल तर लिहू नका. फोन उचला."

हॉल हसला. घरत साहेबांनी हात वर केला. पुढच्या ओळीतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आता दहा वाजणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण साहेबांनी तो प्रश्न विचारला नाही.

"सर, वाईट बातमी साहेबाला फोनवर सांगितली. ज्याचं वाईट होणार आहे, त्याला कुणी सांगायची?"

"तो आपला अशील नाही," वक्ते म्हणाले.

"बरोबर आहे. तो अशील न्हाय." साहेब उभेच राहिले. माईक घेऊन आलेल्या मुलीनं माईक पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. "माझ्या हातून झालेलं एक सांगतो. दोन मिनिटं लागतील."

मग ते बोलले. नऊ वर्षांपूर्वी जेट्टी वाढवायची होती. खाडीतल्या मच्छीमारांचं ना हरकत पत्र हवं होतं. पत्र इंग्रजीत, साहेबांनीच लिहिलेलं. कोळीवाड्यातल्या समाजमंदिरात सभा घेऊन त्यांनी ते मराठीत समजावलं. अटी अकरा होत्या, सांगितल्या दहा. सातवी अट अशी की खाडीच्या तोंडाशी लाल बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या, आत बारा महिने जाळी टाकायची नाहीत. मॅनेजर म्हणाले होते, ती वाचू नका, उगाच गोंधळ होईल.

"जनाबाय नावाची एक म्हातारी होती. अंगठा उठवायच्या आधी तिनं विचारलं, 'दादा, जाली टाकाया मिलतील ना?' मी म्हटलं, मिळतील. तिनं अंगठा उठवला. पुढच्या महिन्यात कंपनीच्या गार्डनी तिच्या मुलाची जाळी तोडली. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. कागद माझ्या बाजूनं होता. मी तिला कागद दाखवला. आता ती म्हसळ्याच्या बाजारात सुकट विकते. मी नऊ वर्षं त्या बाजारातून गेलो नाही."

वक्ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "फार प्रांजळ निवेदन. आपण चहाला थांबू या."

आमच्या कंपनीचे उपाध्यक्ष मागच्या रांगेत होते. चहाच्या टेबलापाशी त्यांनी साहेबांना बाजूला घेतलं. मी बशी हातात घेऊन जवळच उभी होते. उपाध्यक्ष आवाज न चढवता म्हणाले, "घरत, तुम्ही दमलात. सुट्टी घ्या."

"सही करायची आहे ना, ती करून घेतो," साहेब म्हणाले.

ती सही मला माहीत होती. त्या पत्राची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाच्या अर्जाला गावाच्या नव्या सह्या-अंगठे आणि कायदा प्रमुखाचं प्रमाणपत्र जोडायचं होतं: सर्व अटी स्थानिक भाषेत समजावून सांगितल्या आहेत. कागद दोन आठवडे साहेबांच्या टेबलावर होता.

परतताना आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली. भर दुपार, पाण्याकडे बघवत नव्हतं. दिघीच्या धक्क्याला लागेपर्यंत साहेब कठड्याला धरून उभे होते. मी विचारलं, "सगळ्यांसमोर कशाला बोललात? आधी मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू मला समजून घेतलं असतंस," ते म्हणाले. "ते नको होतं."

चार दिवसांनी आम्ही दोघं कोळीवाड्यात गेलो. कंपनीला कळवलं होतं, परवानगी मागितली नव्हती. समाजमंदिरात चाळीसेक माणसं जमली. साहेबांनी अकराही अटी मराठीत वाचल्या, सातवी दोनदा. मग जुन्या वेळी ती का वाचली नव्हती, तेही सांगितलं. त्यानंतर जे झालं ते लिहिताना अजून मला अवघड वाटतं. एक तरुण उठून अंगावर आला. लोकांनी त्याला धरलं. एकानं साहेबांच्या सात पिढ्या काढल्या. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि उभ्यानं ऐकत राहिले. जनाबाय भिंतीला टेकून बसली होती. सगळे ओरडून दमल्यावर ती म्हणाली,

"आता सांगून काय व्हयल? माजा पोर मुंबयला बोटीव गेला. तो काय परत येनार हाय?"

"न्हाय येणार," साहेब म्हणाले.

"मंग कशाला आलाव?"

"यावेळी अंगठा उठवू नका, हे सांगायला."

जनाबाय माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. पदर झटकून उठली आणि टोपली घेऊन निघून गेली. गावानं सही दिली नाही.

कंपनीनं साहेबांना काढलं नाही. मोठ्या कंपन्या तसं करत नाहीत. त्यांना मुंबईच्या ऑफिसात 'सल्लागार' म्हणून नेलं. टेबल दिलं, काम दिलं नाही. म्हसळ्याकडचं बिऱ्हाड सोडून ते पेणच्या घरी आले; तिथून जाऊन-येऊन पाच तास. साठीला टेकलेला माणूस तीन महिने रोज जाऊन रिकाम्या टेबलाशी बसला आणि मग राजीनामा देऊन घरी आला. पुढं पोटाचं दुखणं निघालं. ते आधीपासूनच असावं, असं डॉक्टर म्हणाले.

कायदा प्रमुख मी झाले. अभिनंदनाच्या फोनबरोबर तो प्रमाणपत्राचा कागदही सहीसाठी आला. दरम्यान वरच्या कार्यालयांत बरीच पत्रं फिरून सातवी अट थोडी सैल झाली होती: बार्ज चालू नसताना बोयांच्या आत जाळी टाकता येतील, पण बार्ज कधी येणार हे कंपनी आदल्या दिवशी सांगणार. अर्धं मिळालं होतं. उपाध्यक्ष फोनवर म्हणाले, "आता तरी अडचण नसावी, मॅडम."

माझ्या घरी आजारी सासू, मुलीचं बारावीचं वर्ष. नोकरी जाऊ देणं मला परवडणारं नव्हतं, आणि हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगत होते. शेवटी साहेबांना फोन केला. सगळं सांगून विचारलं, "मी काय करू?"



"मला नको विचारू, बाय. मी सांगितलं आणि तू केलंस, की ती सही माझी होते. मला माझीच जड झाली आहे."

मला रागच आला त्यांचा. फोन ठेवून मी नलावड्यांवर उगाच खेकसले.

मग मी कोळीवाड्यात गेले. एकदा गेले तेव्हा कुणी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा सहा माणसं आली. तिसऱ्यांदा समाजमंदिर भरलं. मी सगळ्या अटी वाचल्या, प्रश्न घेतले, येत नव्हतं ते येत नाही म्हणून सांगितलं. दहा अटी लोकांनी मान्य केल्या. सातवी नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर जाळी काढायला वेळ कुठला, भरती काय कंपनीला विचारून येते, असं ते म्हणाले आणि ते बरोबर होतं. ऑफिसात येऊन मी प्रमाणपत्र लिहिलं आणि त्यात एक ओळ वाढवली: अट क्रमांक सात समजावून सांगितली, ती उपस्थितांना मान्य नाही. सही केली, शिक्का मारला, पाठवून दिलं. उपाध्यक्षांचा फोन आला. ते रागावले नाहीत. "हे तुम्ही लिहायला नको होतं, फोन करायचा," एवढंच म्हणाले. अर्ज अजून अडकलेला आहे. मी अजून नोकरीत आहे. दोन्ही किती दिवस, ते ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी मी पेणला गेले. घरत वहिनींनी दार उघडलं. त्या शाळेत शिक्षिका होत्या; आवाज अजून वर्गात पोचेल असा, पण त्या दिवशी दबक्या बोलत होत्या. साहेब आतल्या खोलीत पडून होते. निम्मे राहिले होते. पाय उघडे होते, मोजे नव्हते. मी खुर्ची ओढून बसले आणि कागदाची प्रत काढली.

"वाच," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी वाचलं. एकदाही त्यांचं बोट वर झालं नाही. शेवटची ओळ संपल्यावर त्यांनी विचारलं, "मराठीत पण दिलंस?"

"दोन्हीत दिलं. गावाला प्रत दिली. पोच घेतली."

"जनाबाय होती?"

"होती. माझं वाचून झाल्यावर तिनं माझं नाव विचारलं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. शाबास म्हणतील, निदान बरं झालं म्हणतील. मी त्यासाठीच तर पेणपर्यंत आले होते. ते माझ्याकडे बघत होते; माझ्या डोळ्यांखाली बघत होते.

"किती दिवस झोपली नाहीस?"

"आठवलं तर सांगते," मी म्हटलं आणि हसायला गेले, ते जमलं नाही.

"मग आता घरी जा आणि झोप, बाय."

नऊ दिवसांनी ते गेले. पण त्या रविवारी मी त्यांचं ऐकलं होतं. घरी आले, सासूबाईंना औषध दिलं, मुलीला म्हटलं मला उठवू नको, आणि चप्पल काढून तशीच आडवी झाले. जाग आली तेव्हा सोमवारची सकाळ झाली होती, आणि मुलगी दाराशी उभी राहून विचारत होती, "आई, तू बरी आहेस ना?"